आजचं भाडं

“विचारलं तरच सांगायचं, वहिनी. आपणहून तोंड उघडायचं नाही,” भाऊजी म्हणाले आणि काचेच्या दारात स्वतःला बघून त्यांनी कॉलर सारखी केली.

काउंटरवरच्या संगणकावर क्रूझ कंपनीचं नवं भाडं नुकतंच आलं होतं. बोट भरत नव्हती म्हणून कंपनीनं भाडं जवळजवळ एक तृतीयांशानं खाली आणलं होतं. तीच बोट, तीच तारीख, त्याच केबिन. वहिनींनी जमवलेल्या निवृत्त नर्सेसच्या ग्रुपनं मात्र जुन्या भाड्यानं जागा धरल्या होत्या. उरलेले पैसे भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. तोवर कुणी मागितलं तर नवं भाडं मिळणार होतं, नंतर नाही. आणि न मागता तर कधीच नाही.

“त्या बायकांचे पैसे वाचतील, भाऊजी.”

“वाचतील ना! आणि आपलं? कमिशन भाड्यावर मिळतं. भाडं उतरलं की कमिशन उतरलं. सवलतीच्या भाड्यावर टक्काही कमी. बंदराच्या करावर तर आपल्याला दमडी सुटत नाही. म्हणजे फोन तेवढेच, डोकेफोड तेवढीच आणि हाती धुपाटणं.” त्यांनी गाडीची किल्ली उचलली. “शिवाय सवलतीच्या भाड्याला ग्रुप चालत नाही. सगळे सुटे प्रवासी होतात. ग्रुप गेला की ग्रुपवरची केबिन गेली. कळलं?”

वहिनींना कळलं. कमिशनबद्दल बोलताना भाऊजींचा आवाज नेहमीचा होता. केबिनशी आल्यावर तो चढला होता.

मोठा ग्रुप आणणाऱ्या ऑफिसला कंपनी एक केबिन फुकट देत असे. ग्रुपसोबत जाऊन त्यांचं हवं-नको बघणाऱ्या माणसानं त्यात राहायचं. ग्रुप दर वर्षी वहिनी जमवत. कुणाला गुडघ्यांमुळे लिफ्टजवळची केबिन हवी, कुणाला घोरणारी मैत्रीण शेजारी नको, हे सगळं त्या लावून देत. बोटीवर जात भाऊजी.

हे प्रवासाच्या बुकिंगचं ऑफिस वहिनींच्या नवऱ्यानं सुरू केलं होतं. तो गेल्यावर धाकट्या दिरानं “वहिनी, काळजी करू नका, मी आहे ना” असं म्हटलं आणि मोठ्या खुर्चीत बसून बघितलं. पाय जमिनीला टेकेनात, म्हणून खुर्चीची उंची कमी करून घेतली. वहिनी काउंटरवर आल्या आणि तिथंच राहिल्या. पगार थोडा होता. वर्षाअखेरीस ग्रुपच्या कमिशनमधला एक लहानसा वाटा मिळे.

आणि दर वर्षी एक साबण. बोटीवरून परतले की भाऊजी काउंटरवर तो ठेवत. “वहिनी, तुमच्यासाठी. बोटीवरचा.” गोल, बिस्किटाएवढा, वर बोट कोरलेली आणि खाली तिचं नाव. तो बाथरूममध्ये फुकट ठेवलेला असतो हे वहिनींना माहीत होतं. केबिनमध्ये काय काय असतं हे त्याच तर दिवसभर लोकांना सांगत. त्यांनी एकही साबण कधी वापरला नाही. सगळे काउंटरच्या खालच्या खणात ओळीनं ठेवले होते.

यंदा मात्र भाऊजींनी शब्द दिला होता. नर्सेसच्या म्होरक्या असलेल्या मेट्रनबाईंच्या देखत ते म्हणाले होते, “या वेळी केबिन वहिनींची. त्यांनी बघितलीच नाही बोट आतून!” मेट्रनबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. वहिनींनी त्याच आठवड्यात ओल्या डेकवर घसरणार नाहीत असे रबरी तळव्यांचे बूट घेतले आणि स्वयंपाकघरात फरशीवर पाणी सांडून चालून बघितलं. घसरले नाहीत.

मग एक दिवस भाऊजी खुर्चीतूनच म्हणाले, “वहिनी, केबिनचं जरा वेगळं झालंय. मेहुणे नव्या शाखेत पैसे घालताहेत, त्यांना खूश ठेवायला हवं. मी आणि ते जातो. तुम्हाला तर बसही लागते हो. बोटीवर नुसत्या ओकत बसाल.”

मेहुणे म्हणजे भाऊजींच्या बायकोचे भाऊ. तेही समोर बसले होते. दोघं हसले. वहिनीही हसल्या, कारण चेहरा आधीच तसा होऊन गेला होता. तो परत सरळ करायला त्यांना बराच वेळ लागला.

आता भाऊजी मेहुण्यांबरोबर बोटीसाठी कपडे घ्यायला बाहेर पडले. दार बंद होताच वहिनींनी फोन उचलला.

“मेट्रन, मला एक प्रश्न विचारा.”

“काय विचारू?”

“आजचं भाडं काय, असं विचारा.”

“का गं? तुला ठाऊक नाही?”

“मला आहे. म्हणून तर तुम्ही विचारायचं.”

मेट्रनबाईंचा जन्म डॉक्टरांकडून खरं काढण्यात गेला होता. वहिनींचा नवरा त्यांच्याच वॉर्डात होता, तेव्हा कुणाला काय विचारायचं हे त्यांनीच वहिनींना शिकवलं होतं.

“बरं. आजचं भाडं काय गं बाई?”

वहिनींनी सांगितलं.

“अगं आई! आणि यात मेख काय?”

“तुमची ज्यूस-कॉफीची कुपनं जातील. ती जुन्या भाड्याबरोबर होती.”

“जळली ती कॉफी. वॉर्डातली पिऊन जगलो आम्ही, आता आणखी काय बिघडणार? आणि तुझी केबिन?”

“ती मेहुण्यांना दिली.”

“असं,” मेट्रनबाई म्हणाल्या. थर्मामीटर बघून म्हणावं तसं. “मग आमची बुकिंगं बदलली की त्यांची केबिन जाणार.”

“मी तिला हातही लावणार नाही. ती आपोआप जाईल.”

“आपोआप,” मेट्रनबाई चव घेत म्हणाल्या. “ठेव फोन. बाकीच्यांना काय विचारायचं ते सांगते.”

त्यानंतर फोन थांबेना.

“वहिनी, आजचं भाडं काय? मेट्रन म्हणाली विचार. का ते सांगितलं नाही.”

“वहिनी, भाडं विचारायचंय म्हणे. पटकन सांगा, गॅसवर दूध आहे.”

“हे बघा, मला ज्यूस लागतो. कुपनं जाणार असतील तर माझं जुनंच राहू द्या. पैसे काय डोक्यावर घेऊन जायचेत?”

तिचं जुनंच राहू दिलं. वहिनींनी प्रत्येकीला काय वाचेल आणि काय जाईल ते सारख्याच शब्दांत सांगितलं. जिनं हो म्हटलं तिचं बुकिंग रद्द करून नव्या भाड्यानं पुन्हा केलं. केबिन तीच ठेवली, लिफ्टजवळची लिफ्टजवळ, घोरणारी लांब. दर बदलाबरोबर पडद्यावर ग्रुपचा आकडा एकानं उतरे. तळाच्या ओळीत भाऊजींचं आणि मेहुण्यांचं नाव होतं. कंपनीनं ठरवलेल्या किमान आकड्यापर्यंत ती ओळ काळी राहणार आणि त्याखाली पुसट होणार. मधलं काही नाही. पाणी तापत असतं तोवर नुसतं तापतं आणि मग एकदम उकळतं, तसं.

त्या एका शेवटच्या बदलासाठी वहिनींनी मेट्रनबाईंचं बुकिंग मुद्दाम मागं ठेवलं होतं. ते उघडून त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि लगेच दाबलं नाही. स्वतःचा वर्षाअखेरचा वाटाही याच बटणाखाली होता. त्या वाट्यातून बाथरूमची गळती काढायची ठरली होती. वहिनींना ते हसणं आठवलं. ‘नुसत्या ओकत बसाल.’

त्यांनी बटण दाबलं. ओळ पुसट झाली.

संध्याकाळी मेट्रनबाईंचा पुन्हा फोन आला. “ऐक. आमचे इतके वाचलेत, त्यातून तुझं तिकीट काढतो. सगळ्या तयार आहेत. ज्यूसवालीसुद्धा.”

वहिनींची नजर पिशवीतल्या बुटांकडे गेली. दुरुस्तीला न्यायचे असं स्वतःलाच सांगून आणले होते. दुरुस्ती कसली, नवेच होते.

“नको, मेट्रन.”

“का? अंगात आलंय का?”

“मी गेले तर भाऊजी म्हणतील, बोटीसाठी केलं.”

“मग कशासाठी केलंस?”

वहिनींनी खोटं बोलायचा विचार केला. बायकांचे पैसे वाचले हे खरं होतं, न्याय झाला हेही म्हणता आलं असतं.

“त्यांनी घरी बसावं म्हणून,” त्या म्हणाल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

मेट्रनबाई हसल्या नाहीत. “तुझी मर्जी, पोरी,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मुदत संपल्यावर भाऊजी आणि मेहुणे आले. मेहुण्यांच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी होती, मागे किमतीचा कागद तसाच लटकत होता.

“दाजी, बाल्कनीत ऊन सकाळचं येतं की दुपारचं? दुपारचं असेल तर बाजू बदलून घ्या. माझं डोकं चढतं.”

“घेऊ की! वहिनी, आपली केबिन काढा जरा.”

वहिनींनी पडदा त्यांच्याकडे वळवला. भाऊजी वाकून बघत राहिले. त्यांचं बोट ओळीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं.

“हे पुसट का दिसतंय?”

“ग्रुप राहिला नाही ना. सगळ्या सुट्या झाल्या.”

“कुणी केलं?”

“मी. त्यांनी भाडं विचारलं.”

“सगळ्यांनी? एकदम?”

“एकीपाठोपाठ एक. तुम्हीच म्हणालात, विचारलं तर सांगायचं.”

मेहुण्यांनी टोपी काढली. “म्हणजे दाजी, आता आपण पैसे भरून जायचं?”

“थांबा हो जरा!”

“नाही, मी आपलं विचारतोय. एक केबिन धरून ठेवता येत नाही, आणि मी शाखेत पैसे घालायचे?” मेहुण्यांनी टोपी काउंटरवर ठेवली, पुन्हा उचलली आणि बाहेर गेले.

भाऊजी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि परत आले. चेहरा लाल झाला होता. “दादा असता तर त्याला लाज वाटली असती तुमची.”

“ते असते तर केबिन त्यांची असती.”

“स्वतःच्या पोटावर पाय मारलात, वहिनी. तुमचाही वाटा गेला, कळतंय का?”

“पोट माझं, पायही माझाच.”

“उद्यापासून येऊ नका.”

“उद्या नाही. बोट सुटेपर्यंत येईन. माझी माणसं नीट चढली की जाईन.”

भाऊजींना ते मान्य करावं लागलं. त्या बायकांच्या केबिन, औषधं, व्हीलचेअर यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

बोट सुटली त्या दिवशी वहिनी रबरी बूट घालून ऑफिसात आल्या. सकाळपासून फोनवर होत्या. व्हीलचेअर आली का, इन्सुलिन थंड ठेवायला दिलं का. ज्यूसवालीनं पहिला पेला हातात आल्याचं कळवलं. शेवटी मेट्रनबाईंचा फोन आला. वारा इतका होता की बोलणं तुटत होतं. “सुटली गं,” एवढं नीट ऐकू आलं.

मोठ्या खुर्चीत भाऊजी बसले होते. बोटीसाठी घेतलेला फुलांचा शर्ट त्यांनी तसाच वापरायला काढला होता. वहिनींनी खालचा खण उघडला आणि साबण काढून एकेक करून त्यांच्या टेबलावर ओळीनं मांडले.

“भाऊजी, तुमच्यासाठी. बोटीवरचे.”

भाऊजींनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

सर्वांत जुना साबण मात्र वहिनींनी हातातच ठेवला होता. मागच्या बेसिनशी जाऊन त्यांनी नळ सोडला. साबण वाळून दगड झाला होता, त्यावर बारीक चिरा पडल्या होत्या. फेस यायला वेळ लागला. वहिनी तो दोन्ही तळहातांत घोळवत राहिल्या. आधी बोटीचं नाव गेलं, मग बोट. त्यांनी हात नाकाशी नेले. इतक्या वर्षांत वास उडून गेला होता. नुसता पाण्याचा येत होता.