घोटलेला चिखल

कुझेंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि नवं लोणचं चाखून पाहावं तशी ती तोंडात घोळवली. सभागृहातली माणसं श्वास रोखून बघत होती. घोट गिळून त्यांनी डोळे उघडले.

"गोड आहे," ते म्हणाले. "तुमच्या डोंगराची माती गोड आहे."

टाळ्या झाल्या. दारात, चपलांच्या फडताळापाशी उभ्या असलेल्या चिकागेच्या घशाशी आंबट पाणी आलं. ते तिने गिळलं आणि नजर खाली, लोकांच्या चपलांवर खिळवून ठेवली.

ती सासूबाईंना घरी न्यायला आली होती. त्या तिसऱ्या रांगेत, निळ्या प्लॅस्टिकवर मांडी घालून, बाह्या कोपरापर्यंत सारून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि हातात चिखलाचा गोळा. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मोकळे नव्हते.

कुझे तोक्योहून आले होते. या वर्षीचा कलामहोत्सव तानिहाराच्या खोऱ्यात भरणार होता आणि त्यातलं मुख्य काम त्यांचं होतं. कल्पना साधी. लहानपणी बालवाडीच्या अंगणात सगळेच करतात तसे चिखलाचे गोळे गावकऱ्यांनी करायचे. ओली माती वळायची, तिच्यावर कोरडी धूळ भुरभुरायची आणि तळहाताने घोटत राहायचं, गोळा काचेच्या गोटीसारखा चमकेपर्यंत. फक्त माती दरडीची हवी. तीन वर्षांपूर्वीच्या पावसात जो डोंगर गावावर उतरला होता, त्याचीच. 'ज्या मातीने दुखावलं तिलाच हातांनी उजळवू या,' असं पत्रकावर छापलं होतं.

त्या पावसात चिकागेचे सासरे गेले. काही दिवसांनी ते सापडले, तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत ओळख पटवायला बोलावणं आलं. तिचा नवरा नोरिमासा एक नजर टाकून बाहेर गेला आणि भिंतीला टेकून बसला. सासूबाई नातेवाइकांकडे होत्या. उरली चिकागे. सासऱ्यांचं तोंड उघडं होतं आणि मातीने गच्च भरलेलं होतं, साच्यात ठोकून बसवावी तशी. तिथल्या बाईने पाण्याचं भांडं नि कापडाच्या पट्ट्या आणून ठेवल्या. चिकागेने बोटाला पट्टी गुंडाळली. ती काळी झाली की दुसरी, मग तिसरी. ते सगळं करताना ती शांत होती. किळस नंतर आली आणि आली ती गेलीच नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. माती लागलेली कंदमुळं धुवायची पाळी आली की ती दुसरीशी कामाची अदलाबदल करायची. का, ते कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे.

"तुम्ही नवीन दिसता!" कुझे समोर येऊन उभे राहिले. वय पन्नाशीचं, अंगात सैल सुती सदरा, दातांच्या फटीत अजून काळी रेघ. "या, बसा. हा घ्या."

त्यांनी ओल्या मातीचा लाडूएवढा गोळा पुढे केला. त्यांच्या हातावरून गढूळ पाणी मनगटाकडे ओघळत होतं. चिकागेने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी यांना न्यायला आलेय."

"घाबरता?" आवाज एकदम हळुवार झाला. महोत्सवाचा फोटोवाला त्यांच्याकडे वळला. "काहींना वेळ लागतो. माती वाट बघते."

"अगं, घे की चिकागे!" शेजारच्या ओगाताकाकू ओरडल्या. त्यांच्या एका हातात गोळा होता आणि दुसऱ्यात महोत्सवाने वाटलेला, गोड डाळीचं सारण भरलेला पाव. पावावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता आणि तेवढ्याच भागाचा त्यांनी आता घास घेतला. "पोटात गेली तरी काही होत नाही, सरांनी दाखवलं ना आत्ता!"

लोक हसले. चिकागे बाहेर जाऊन गाडीत बसली आणि काच खाली करून तोंडाने श्वास घेत राहिली.

सासूबाई दर रविवारी जायला लागल्या. त्या बदलल्या, हे चिकागेलाही दिसत होतं. दरड कोसळल्यापासून त्या टीव्हीसमोर बसून असत, आणि टीव्ही बंद असला तरी तिथेच असत. आता सकाळी उठून हाताला मलम लावत होत्या, भेगाळलेला तळवा गोळ्याला ओरखडतो म्हणून.

एका संध्याकाळी चिकागेने जेवणासाठी फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात, तोफूच्या डब्याला खेटून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळा होता. पिशवीला आतून घाम फुटला होता. काचेच्या फळीवर तपकिरी पाण्याचं एक बोटभर तळं साचलं होतं आणि ते तोफूच्या डब्याखाली गेलं होतं.

तिने पिशवी चिमट्यात धरली, हात जितका लांब होईल तितका लांब केला आणि पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"परत ठेव," सासूबाई मागून म्हणाल्या. "त्याला अजून घाम सुटायचाय. आतलं पाणी बाहेर आल्याशिवाय चमक धरत नाही."

"आई, हे अन्न ठेवायचं ठिकाण आहे."

"पिशवीत आहे की."

"गळतंय."

सासूबाईंनी वाकून फळीवरचं पाणी आपल्या बाहीने पुसलं आणि चिमट्यातून पिशवी काढून घेतली, मांजराचं पिल्लू उचलावं तशी. नोरिमासा जेवायला बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, "राहू दे ना गं. बाबांसाठी करतेय ती. बरं वाटत असेल तिला."

चिकागेने तो तोफू फेकून दिला आणि नवीन आणला. तोही तिला गेला नाही. जन्मभर ज्या सासऱ्यांनी पहाटे उठून पांढराशुभ्र तोफू करून विकला, त्यांच्यासाठी हे? पण विधवेच्या दुःखाला कुणी कसं अडवायचं? ती गप्प राहिली आणि ज्या गोष्टीवर गप्प राहावं लागतं तिची किळस दुप्पट येते, हे तिला त्या दिवसांत कळलं.

प्रदर्शन भात साठवायच्या जुन्या गोदामात भरलं. आत गेल्यागेल्या ओल्या मातीचा दर्प नाकात बसला. लाकडी फळ्यांवर शेकडो गोळे मांडले होते. काहींवर पांढरी बुरशी धरली होती. लोक तिलाही वाकून वाकून बघत होते.

"माझा बघ," ओगाताकाकू म्हणाल्या. "माझ्या टाचेसारखा फुटलाय."

सासूबाईंचा गोळा मध्यभागी, वेगळ्या चौरंगावर होता. वरून एकच दिवा. तो काळा, नितळ आणि इतका चकचकीत होता की त्यात गोदामाचं छत गोल होऊन उतरलं होतं. खाली पाटी होती: 'तोफूवाली किनुयो. नवऱ्याला नेणाऱ्या मातीस क्षमा.'

चिकागेने पाटी वाचली. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या पाटी वाचत नव्हत्या. चष्मा कपाळावर सारून गोळ्याची डावी बाजू न्याहाळत होत्या.

एक वार्ताहर मुलगी वही घेऊन पुढे आली. "आजी, घोटताना तुम्ही त्यांच्याशी बोलत होता का?"

"कुणाशी?"

"तुमच्या यजमानांशी."

"नाही बाई. बोललं की हात हलतो."

"मग मनात काय यायचं?"

"चमक येतेय की नाही, ते."

मुलगी लिहायची थांबली. कुझे हसत मध्ये आले. "खोल दुःखाला शब्द नसतात," त्यांनी तिला सांगितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "म्हणूनच शेवटच्या दिवशी आपण सगळे दरडीच्या पायथ्याशी जमणार आहोत. आपापला गोळा हातात घेऊन डोंगरावर फेकणार आहोत. तो फुटण्याचा आवाज, तीच खरी कलाकृती! माती मातीला परत."

टाळ्या सुरू झाल्या.

"फेकणार?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आजी. तुमचा सगळ्यात आधी."

"लहानपणी माझा मोठा भाऊ फेकायचा," सासूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण टाळ्या विरल्या. "चमक आली रे आली की भिंतीवर. दर वेळी. मी रडले की आई म्हणायची, मातीच तर आहे. मग लग्न होऊन तोफूवाल्याच्या घरात पडले. तिथे कसली माती! आता कुठे माझा एक पुरा झालाय."

त्यांनी कमरेचा रुमाल काढला, चौरंगावरचा गोळा त्यात अलगद घेतला आणि गाठ मारली.

"आजी, अहो, असं नाही चालत," कुझेंचा हात पुढे आला. "तो आता तुमच्या एकटीचा नाही. सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांनी घोटला का?"

ओगाताकाकू फस्सकन हसल्या. कुझेंचा हात तसाच हवेत राहिला. वरच्या दिव्याचा उजेड आता मोकळ्या लाकडावर पडत होता. "मग माझाही घेते बाई," ओगाताकाकू फळीकडे वळत म्हणाल्या. "फुटका का होईना."

घरापर्यंत कालव्याच्या कडेने चालत जाण्याइतकंच अंतर होतं. आभाळ भरून आलं होतं. सासूबाई रुमालाची गाठ छातीशी धरून पुढे चालत होत्या आणि मध्येच स्वतःशी हसत होत्या. ते हसू चिकागेला बघवेना. इतके दिवस जिच्यासमोर घरातला प्रत्येक शब्द जपून वापरला, ती बाई गोळ्याची डावी बाजू बघत होती.

"बाबांसाठी नव्हता तो?" तिने विचारलं.

"त्यांच्यासाठी? चिखल बघून जेवण सोडलं असतं त्यांनी. तोफूवाल्याच्या बायकोच्या नखात काळं दिसलं तर गिऱ्हाईक परत येत नाही म्हणायचे. रोज पहाटे दिव्याखाली माझे हात बघायचे. उलटे, सुलटे. अगदी म्हातारी झाले तरी." त्या थोडं चालल्या. "चांगला माणूस होता. पण नखं बघायचा."

चिकागे थांबली.

"मला किळस येते, आई," ती म्हणाली. "त्या गोळ्याची. त्या माणसाची, तो माती चाखतो त्याची. आत्ता तुमचीसुद्धा आली."

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. सासूला असं कुणी बोलत नाही. सासूबाईंनी मागे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. पुढचं ऐकायला त्या थांबल्या होत्या.

"बाबांचं तोंड मी साफ केलं होतं," चिकागे म्हणाली. "व्यायामशाळेत. बोटाने."

कालव्याचं पाणी वाहत होतं. सासूबाई एक पाऊल मागे आल्या.

"नोरिमासा म्हणाला, तिथल्या लोकांनी केलं."

"तो बाहेर होता. त्याला मी तसंच सांगितलं."

सासूबाईंनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग रुमालाची गाठ चिकागेच्या बाजूच्या हातातून काढून पलीकडच्या हातात घेतली.

"मग तू नको हात लावूस," त्या म्हणाल्या. "कधीच. कुणी कितीही गोड बोलू दे. आणि आजपासून तो फ्रिजमध्येही नाही. मागच्या पडवीत ठेवेन."

चिकागेने मान हलवली. मग ती चालू लागली. त्या शेजारी शेजारी चालत राहिल्या. मध्ये एक माणूस सहज मावेल एवढं अंतर ठेवून, आणि ते अंतर सासूबाईच सांभाळत होत्या.

गावदेवाच्या छोट्या देवळापाशी पहिले थेंब पडले. सासूबाई एकदम लगबगीने आत वळल्या.

"आई, कुठे?"

"देवळाखालची धूळ! तिच्यासारखी बारीक धूळ गावात कुठे नाही. ओली झाली की गेली. दुसऱ्याला लागेल."

"दुसऱ्या कशाला?"

"दुसऱ्या गोळ्याला. हा जरा चपटा झालाय डावीकडून. कुणाला दिसलं नाही, पण झालाय."

त्यांनी रुमालाचं गाठोडं पायरीवर, कोरड्या जागी ठेवलं, गुडघे टेकले आणि खांबांवर उभ्या असलेल्या देवळाच्या लाकडी तळाखाली शिरल्या. आधी डोकं, मग खांदे. कंबरेपासूनचा भाग बाहेर राहिला. आतून खरवडल्याचा आवाज यायला लागला आणि जुन्या, कोंदट धुळीचा वास बाहेर आला. त्यात कोळिष्टकं असणार, उंदरांच्या लेंड्या असणार.

चिकागे दोन पावलं मागे सरली. तिने पाठ फिरवली आणि तोंड रस्त्याकडे केलं. मग पिशवीतली छत्री काढून उघडली, आणि न बघता हात मागे लांब करून ती त्या दोन पायांवर धरली.

"भिजतेय का गं मी?" आतून आवाज आला.

"नाही," ती म्हणाली.