बांधावर थांबलेली चाकं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. हातात मावणारा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

घरोघरी केबल येत होती, तेव्हा तेजस्विनीने मला जुन्या बाजारातून आणलं. ती मूळची वर्ध्याची, कोथरूडला खोली घेऊन राहायची. गावातल्या बायकांपर्यंत बातमी कशी पोहोचते, यावर तिची पीएच.डी. चालली होती. लोणी काळभोरच्या बायकांचं बोलणं मी टिपायचो आणि ती मला ओढणीने पुसायची. काय रुबाब होता माझा!

सेल उतरले की ती ते उन्हात तापवून पुन्हा घालायची. एका दुपारी शेताच्या बांधावर बायडाबाई तासभर मनातलं बोलल्या. माझा लाल दिवा लागला होता, चाकं मात्र थांबली होती. माझ्यावर विसंबून तेजस्विनीने एक अक्षर लिहून घेतलं नव्हतं; खोलीवर येऊन ऐकते तर टेप कोरी. त्या दिवशी पाच बायका झाल्या होत्या. कोण काय म्हणालं, सगळी खिचडी. प्रबंध द्यायची तारीख तर डोक्यावर आलेली. तिने शेजारणीची उत्तरं थोडी फिरवून बायडाबाईंच्या नावावर घातली.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. तेजस्विनीने हौसेने लोणीच्या बायकांनाही बोलावलं. बायडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत पेरू घेऊन आल्या. मला टेबलावर चालू ठेवून तेजस्विनी वाचू लागली, "बायडाबाई म्हणतात, घरच्या टीव्हीमुळे मला जग कळलं."

बायडाबाई उठल्याच. "पोरी, आमच्यात टीव्ही हायेच कुठं? फोनच्या दुकानातली शालू पेपर वाचून दाखवती, त्ये तासभर सांगितलं की तुला!"

मार्गदर्शक वासंतीबाई म्हणाल्या, "बसा मावशी. परीक्षा तुम्हीच घेतलीत, आम्हाला काही काम उरलं नाही."

आता ही माझ्याकडे बोट दाखवणार, असं मला वाटलं. तेजस्विनीची मान खाली गेली. "मशीन बंद पडलं होतं, मावशी. पण खोटं मी लिहिलं."

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला. त्या दिवशी मात्र नवे सेल होते. मी शब्दन् शब्द टिपला.

पदवी लांबली. आठवड्याने आम्ही पुन्हा बांधावर बसलो. बायडाबाईंनी मला उचलून डोळ्यांजवळ धरलं. "आधी ह्याची चाकं फिरत्यात का दाव. मग इचार."

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, सेल वेळेवर बदला. तरीही ते बंद पडलंच, तर माणसाकडे परत जा. कोथरूडहून लोणीला जायला दोन बस बदलाव्या लागत होत्या, एवढंच.