उशिराचा श्वास

मेहुण्याने लॅपटॉपवर टॉवेल टाकला आणि वाफ घेणाऱ्यासारखं स्वतःचं डोकं त्यात घातलं. कवळीवाले भिंतीकडे तोंड करून बसले. हेडफोन कानांवर नीट बसवून त्यांनी हाताने खूण केली, लाव.

खोट्या दातांच्या कवळ्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. केसभर फरक राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यामुळे गाण्याच्या साध्या फाइलमध्ये बारीकसारीक आवाज छाटले जातात आणि भारी फाइलमध्ये ते जसेच्या तसे राहतात, हे त्यांना चटकन पटलं होतं. मुलगी फोनवर हसली होती. या वयात तुमचे कानच छाटलेत बाबा, म्हणाली होती.

गाणं बायको ज्या बायकांच्या गायनवृंदात गायची, त्या वृंदाचं होतं. सगळ्याजणी कडव्याआधी एकदम श्वास घेत, आणि ही मात्र जरा मागून. त्यावरून गाणं शिकवणाऱ्या बाई तिला कायम धारेवर धरायच्या. रेकॉर्डिंग हातात आलं तेव्हा तिनेच ते लॅपटॉपवर चढवलं होतं आणि नवऱ्याला बसवून विचारलं होतं, मी ऐकू येते का? एवढ्या गर्दीत कुठून येणार, साध्या फाइलमध्ये असलं काही उरत नाही, असं सांगून ते उठले होते. तिने पुन्हा विचारलं नाही. आता ती नव्हती. गेल्या महिन्यात त्या गायनवृंदाने तेच गाणं भारी फाइलमध्ये विकायला काढलं, त्यांनी ते उतरवून घेतलं, आणि कडव्याआधी तो मागून आलेला श्वास त्यांना लख्ख ऐकू आला. म्हणजे आपण तेव्हा खरंच सांगितलं होतं. एवढंच त्यांना कुणाकडून तरी कबूल करून हवं होतं. म्हणून मेहुण्याला बोलावलं होतं. जुनी साधी आणि नवी भारी, दोन्ही फाइली आलटूनपालटून लावायच्या, कोणती ते सांगायचं नाही.

गाणं सुरू झालं. कडवं जवळ आलं तशी त्यांची मान खाली गेली. बायकांचा श्वास, आणि त्यामागून एक बारीक शीळ घातल्यासारखा श्वास.

"नवी," ते म्हणाले.

मेहुण्याने पुन्हा लावलं.

"ही पण नवीच."

"भाऊजी, अहो, इथे ती..." मेहुण्याने टॉवेलमधून डोकं काढलं आणि तो थांबला. कवळीवाल्यांचे डोळे मिटलेले होते. गुडघ्यावरचा हात हलकेच थोपटत होता, लहान मुलाला निजवताना थोपटतात तसा.

"काय?"

"काही नाही. पुन्हा लावतो."

पुन्हा तेच उत्तर आलं. मेहुण्याने पुढे होऊन त्यांचा हेडफोन काढला, स्वतःच्या कानांना लावला आणि उभ्या उभ्याच ऐकलं. कडवं आलं तसं त्याने खुर्चीची पाठ धरली.

"ती शीळ वाजते ना, ते नाक माझ्यामुळे मोडलंय," तो म्हणाला. "लहानपणी चेंडू मारला होता. ताईने आईला सांगितलं, दारावर आपटले."

मग दोघांनी चहा घेतला. तुमचंच बरोबर भाऊजी, नव्याची गोष्टच वेगळी, असं मेहुणा जाताना दोनदा म्हणाला. एरवी तो एवढ्या सहजासहजी हार मानणारा नव्हता. बरं वाटलं, तरी तेवढंच त्यांना खटकलं.

दार लावून ते आत आले आणि त्यांनी टॉवेल उचलला. भारी फाइल जुन्या, भरलेल्या लॅपटॉपात मावत नव्हती म्हणून त्यांनी ती वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. ती डिस्क लॅपटॉपशेजारी पडली होती. सकाळी टेबल पुसताना त्यांनीच काढून ठेवलेली, वायर गुंडाळून वर रबर लावलेली. पडद्यावर एकच फाइल होती. तिने चढवलेली, तिनेच नाव दिलेली: माझं गाणं.

फार एकटं वाटलं त्यांना, ती गेली त्या दिवसापेक्षाही. मग त्यांनी हेडफोनची वायर उपटली आणि लॅपटॉपच्या त्या चिरक्या स्पीकरवर गाणं लावलं. कडवं आलं. सगळ्याजणींनी श्वास घेतला, आणि जरा मागून तिने.

"येतेस," ते म्हणाले. "ऐकू येतेस गं."

तोवर गाणं पुढे गेलं होतं.