न गाळलेलं पाणी

वळसंगच्या वाटेवरच्या एका खेड्यात प्यायच्या पाण्याची एकच विहीर होती, पायऱ्यांची. एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी मल्लव्वा रोजच्यासारखी घागर भरून वर आली. काठापासून लांब बजाबाई बसली होती. गावकुसाबाहेरच्या या बाईला अस्पृश्य म्हणून पायरीवर पाय ठेवायची बंदी. कुणी दया येऊन वरून ओतेल तेवढंच पाणी तिचं.

"पोरगी कशी हाय गं?" मल्लव्वानं ओतता ओतता विचारलं.

"दुसऱ्या पायातबी नारू निघालाय, आक्का. उभी सुदीक ऱ्हाईना."

नारूनं या मुलखाला पार पिडलं होतं. पायातून दोऱ्यासारखा जंत निघतो आणि धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो. नारू झालेले गडी त्याच विहिरीत पाय बुडवून बसत. लिंगायत घरांतून पाणी फडक्यातून गाळून पीत, पण ते धर्म म्हणून. त्यानं नारू टळतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात मल्लव्वाचे सासरे शिवलिंगप्पा सोलापूरच्या आरोग्य इन्स्पेक्टरला घेऊन आले. पाण्यात नारू पसरवणारे बारीक किडे सापडले तर पायऱ्या बुजवून रहाट बसवायचा, असा सरकारी बेत होता. परक्या जातीचा माणूस आणि त्याची बाटली विहिरीत उतरू देणं गावाला शक्य नव्हतं, म्हणून पाणी काढायचं काम सुनेकडं आलं. मल्लव्वानं तांब्या बुडवला, आणि पाहुण्याला द्यायचं पाणी म्हणून पदरात धरून बाटलीत नीट गाळलं.

इन्स्पेक्टरनं भिंग लावलं. "पाणी स्वच्छ आहे. रहाटाची गरज दिसत नाही." मग त्याला शंका आली. "बाई, गाळलं तर नाही ना? किडे कापडात अडकतात."

मल्लव्वा चटकन पुढं झाली. "गाळलं की हो. न गाळलेलं हवं तर बजाबाईच्या घागरीत हाय, मी आत्ताच वतलंय."

बजाबाई लगबगीनं उठली. इन्स्पेक्टरनं तिच्या घागरीतून बाटली भरली. उजेडात धरताच बारीक ठिपके वळवळताना दिसले. "सायेब, आता रहाट बसंल न्हवं?" बजाबाईनं हरखून विचारलं.

"घागर कुणाची?" शिवलिंगप्पा कडाडले. "किडं हिच्या घागरीतलं! ह्येंच्या वाऱ्यानंच गावाला नारू लागतुय."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. इन्स्पेक्टरनं परोपरीनं समजावलं, विहिरीतून पुन्हा न गाळता पाणी मागितलं.

"ती बाटली आता बाटली. आमचा तांब्या तिला लागायचा न्हाय," शिवलिंगप्पा म्हणाले.

"मामंजी, मी सोता वतलंय त्ये पानी," मल्लव्वा कळवळून म्हणाली.

"तू गप ऱ्हा! आजपासनं हिरीवर कुणीबी ह्येंला पानी वतायचं न्हाय."

इन्स्पेक्टर हताश होऊन परतला. वर कळवतो म्हणाला, पण पुढं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बजाबाई आली. भरल्या घागरी एकामागून एक तिच्यासमोरून गेल्या. शेवटी मल्लव्वा आली.

"आक्का, पोरगी तान्हेली हाय. मी गाळून पाजीन की! पर पानी तर द्या."

बायका थबकून पाहत होत्या. पारावर सासरे बसले होते. खरं बोलायला गेली आणि या बाईचं होतं ते पाणीही तिनंच तोडलं होतं. तिनं मान खाली घातली आणि पुढं निघून गेली. बजाबाई म्हशी लोळतात त्या ओढ्यातल्या डबक्याकडं वळली.

वाचकहो, मल्लव्वा दुष्ट नव्हती. तिला नावं ठेवण्याआधी आपल्या पाणवठ्यावर एकदा जाऊन या. लांब कोण बसलंय ते पाहा, आणि चार माणसांदेखत आपल्या हातातली घागर कलती होते का, तेही पाहा.