सिक्युटा विरोसा ऊर्फ पाणगाजर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. तळ्याकाठच्या दलदलीत, पांढऱ्या फुलांच्या एका झाडाशेजारी माझा खांब रोवलेला आहे. त्या झाडाचे नाव सांगायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म रंगाऱ्याच्या दुकानात झाला. तिथेच माझ्यावरून दोन सख्ख्या बहिणींची जुंपली. थोरली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, धाकटी या तळ्याची राखण करायची. माझ्यावर जागा एका ओळीपुरतीच होती.

"पाणगाजर लिहा," धाकटी म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

"सगळे दोन झाडांना तेच म्हणतात," थोरली म्हणाली. "एकाची भाजी होते, दुसऱ्याने माणूस मरतो. शास्त्रीय नाव कसं, एका झाडाला एकच."

"आणि ते वाचणार कोण? तू?"

रंगारी ताटकळला होता. "ताई, काय ते एकदाचं ठरवा. ब्रशवर रंग वाळतोय."

शेवटी थोरलीचेच चालले. माझ्यावर उमटले, 'सिक्युटा विरोसा'.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. अक्षरे टपोरी होती. सहलीला आलेली मुले नाव वाचताना अडखळत आणि खो-खो हसत. एकाने तर झाडाला 'सिक्युरिटीवाले काका' करून टाकले. पुढे कौतुक सरले. पाखरे माझ्यावर बसून घाण करू लागली. मला त्याचे काही वाटत नसे.

एका सकाळी जवळच्या खाणावळीतला आचारी बायकोला घेऊन आला. त्याच्या गावाकडे पाणगाजराची भाजी करीत. माझ्यासमोर उकिडवे बसून त्याने मुळे उपटली, हुंगली.

"बघ, गाजराचाच वास!" मग मला वाचून तो म्हणाला, "इकडे याला काय झोकदार नाव दिलंय!"

बायको हसली. तिने पिशवी उघडून धरली.

चव बघणे हे आचाऱ्याचे काम. त्याने भाजी चाखली, ती एकट्यानेच. त्याला दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कोणी रडले नाही.

"नाव बरोबर होतं गं," थोरली म्हणाली.

"हो. बरोबरच होतं." धाकटी म्हणाली, "मी सांगितलेलं नाव लिहिलं असतं, तर त्याने दोन पिशव्या भरल्या असत्या."

थोरली फुलांकडे पाहत म्हणाली, "आधी विष लिहू. नावं मागाहून."

रंगाऱ्याने मला खरवडले आणि वर आणखी एक पत्रा जोडला. आता सर्वांत वर लाल अक्षरांत लिहिले आहे, 'विषारी. खाऊ नका.' त्याखाली 'हे खायचं पाणगाजर नव्हे', आणि तळाशी शास्त्रीय नाव. खरवडताना दुखायला हवे होते. दुखले नाही.

आचाऱ्याची बायको अधूनमधून येते. झाडाकडे बघत नाही. ओल्या फडक्याने माझ्यावरचा चिखल पुसते, लाल अक्षरांवरून फडके पुन्हा एकदा फिरवते आणि निघून जाते.

मित्रांनो, पाण्याकाठी अशी मळलेली पाटी दिसली, तर जाता जाता पुसा. आचाऱ्याच्या बायकोचे गुडघे आता दुखतात, आणि दलदलीतून इथवर यायला तिला फार वेळ लागतो.