तीस दिवसांचा महिना

आई जाऊन नऊ दिवस झाले होते. एकतीस तारीख होती आणि संध्याकाळपर्यंत तिची खोली रिकामी करायची होती, नाहीतर उद्यापासून नवा महिना लागला असता. एक दिवस राहा नाहीतर तीस, भाडं अख्ख्या महिन्याचंच द्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. शिवाय मला तिथे राहायचंच नव्हतं.

मी ड्रायक्लीनच्या दुकानात इस्त्री करते, घड्या घालायला मला शिकवायला नको. आईच्या साड्या भराभर घातल्या गोणीत. डोळ्यांतून टिपूस येईना, त्याचाच राग येत होता. गादी, स्टोव्ह, दोन पातेली, टेबलफॅन. बाई सहा वर्षं राहिली आणि सामान भरलं अर्ध्या टेंपोत.

किल्ली द्यायला खाली गेले. घरमालकीण काकू हिशोबाला पक्क्या. त्यांनी चष्मा लावून वही काढली, तेव्हा म्हटलं, आता काढतात काहीतरी. पण त्या म्हणाल्या की पुढचा महिना भरलेला आहे.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आई भाडं तारखेवर देतच नव्हती. तिची रक्तदाबाची गोळी रोज एक, पंधराची पट्टी. दोन पट्ट्या संपल्या की ही भाडं घेऊन दारात हजर. एकतीसचा महिना तिच्या गावीच नव्हता. वर्षाला पाच दिवस पुढे सरकत सरकत सहा वर्षांत बहात्तर महिन्यांची त्र्याहत्तर भाडी दिली होती तिने. आमच्या आईचा कारभार सगळा असाच.

"तिला सांगितलं नाहीत?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

सांगितलं होतं म्हणे, दुसऱ्याच वर्षी. इथे जास्तीचं माणूस राहिलं तर त्याचं वेगळं भाडं पडतं. आईला ते ठाऊक होतं.

"ती म्हणाली, राहू द्या वर. लेक कधीतरी येईल महिनाभर राहायला, तिचे धरा."

मी सहा वर्षांत चारदा आले होते. एकदाच मुक्काम केला, तोही शेवटची बस चुकली म्हणून. दुकानात सुट्टी मिळत नाही असं सांगायचे. मिळायची सुट्टी, मागितली असती तर.

काकू म्हणाल्या, हवं तर राहा महिनाभर, खोली तुझीच आहे, नाहीतर पैसे घेऊन जा. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"पैसे द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिले. मी वहीत सही केली आणि किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर टेंपोवाला खोळंबला होता. जागेवर पोचल्यावर त्याचं भाडं मी त्यातूनच दिलं.