न्हाव्याची भाकरी

हवालदार बयूमीने डब्यातल्या भरल्या द्राक्षपानांत सळई खुपसून पाहिली, ती विजारीला पुसली आणि डबा खिडकीच्या आत घेतला. मग हात पुन्हा बाहेर काढला.

"आणि गोष्ट?"

रबाबने कडेवरच्या नूहाला सावरत घडी केलेली पानं दिली. तुरुंगाच्या या खिडकीशी दर मंगळवारी हेच चाले. भेटी कधीच्याच बंद झाल्या होत्या. आत जायचं ते फक्त जेवण, आणि इन्स्पेक्टर शाकिरच्या नव्या पुस्तकाचं एक प्रकरण. शाकिर तिने आणि तिच्या नवऱ्याने, हिशामने, मिळून रचलेला. आधीची सगळी पुस्तकं त्यांनी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून लिहिली होती. हे नवं सुरू झालं आणि हिशामला उचलून नेलं. आता नूहा दुपारी झोपली की ती एकटीच लिही, आणि हिशामचा निरोप बयूमीच्या तोंडून येई.

"मागचं आवडलं का त्याला?"

"आवडलं म्हणजे? डबा चाटूनपुसून खाल्ला, पानं दोनदा वाचली. फक्त अंजीरवालीचं भांडण लांबलंय म्हणाला. मी म्हटलं, बाईमाणूस लिहितंय, भांडण लांबणारच."

"तुमच्या घरी कोण भांडतं, काका?"

"मीच. पण लिहून घ्यायला कोणी नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. रबाबही हसली.

"खुनी कोण म्हणतो?"

"न्हावी. पैज लावतो म्हणाला. शाकिरला बसवून घेतो, भाकरी मोडून देतो, मीठ पुढे सरकवतो. फुकटचं एवढं गोड कोण वागतं? न्हावीच."

रबाबचं हसू ओठांवरच राहिलं.

"असं हिशाम म्हणाला?"

"मग काय मी? मला कुठे वेळ." बयूमीने मागचा रिकामा डबा पुढे केला. तिच्याकडे न बघता.

नियम हिशामनेच केला होता, पहिल्या पुस्तकाच्या वेळी. ज्याच्याबरोबर शाकिर भाकरी-मीठ खाईल, तो खुनी निघायचा नाही. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. निदान गोष्टीत तरी जागू दे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा तिने तो मोडायला घेतला, तर दोन दिवस तो अबोला धरून बसला होता.

बसमध्ये ती नूहाच्या टाळूवर ओठ टेकून बसली. ताप असेल त्याला. थट्टा केली असेल. मार खाऊन माणूस विसरत असेल. मांडीवरचा डबा इतका लख्ख होता की त्यात नूहाला स्वतःचा चेहरा दिसला आणि ती हात मारू लागली.

पुढच्या मंगळवारी बयूमीने डबा उचलला आणि थबकला. हलका होता. झाकण काढलं तर आत नुसती गोष्टीची पानं.

"जेवण विसरलीस, पोरी?"

"आधी वाचा, काका."

"मी कशाला..."

"वाचा."

त्याने उभ्याउभ्याच वाचलं. शाकिर पुन्हा न्हाव्याच्या दुकानात आला होता. न्हाव्याने भाकरी मोडली, मीठ पुढे सरकवलं. शाकिरने हात मांडीवरून उचलला नाही. त्याने एवढंच विचारलं, "ज्याच्या वाटचं खातोयस, तो कुठे आहे?"

त्याखाली पान कोरं होतं.

"आटप की गं बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "आमचं अन्न गार होतंय."

बयूमीने पानांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नूहाने नेहमीसारखा सळईकडे हात केला. त्याने सळई उचलून आत ठेवून दिली आणि त्या इवल्या हाताकडे बघत राहिला. मग मयताच्या दारात घरच्यांना जे म्हणतात तेच तो म्हणाला, तितक्याच हलक्या आवाजात:

"त्याचं उरलेलं आयुष्य या लेकीला लाभो."